लॅमिनेशन केलेली पदवी

आमच्याकडे फौजेतून परतलेला कोणीही मेजरच असतो. शिपाई असो की हवालदार, गावानं एकदा मेजर म्हटलं की तो मेजर. २०१८ च्या पावसाळ्यात माझ्या टेबलासमोर बसलेले मेजर मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलेले होते. वय त्रेचाळीस. त्यांना वकील व्हायचं होतं.

बीड जिल्ह्यातल्या एका लॉ कॉलेजात मी प्रवेशाचं काम बघतो. विद्यार्थ्यांच्या फायली कशा असतात ते मला विचारा. कॅरीबॅगमध्ये कोंबलेली टीसी, घडीवर फाटलेला मार्कमेमो, झेरॉक्सवर चहाचा गोल. मेजरांची फाइल उघडली तर पहिल्याच पानावर हातानं लिहिलेली अनुक्रमणिका. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिक ओळखपत्र, अधिवास, बारावी, सीईटी, प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत दीडशेपैकी एक्याण्णव. त्या दिवशी रांगेतल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांपैकी निम्म्यांना तेवढे नव्हते. वयाचाही प्रश्न उरला नव्हता, कारण कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार काउन्सिलच्या वयोमर्यादेच्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच स्थगिती दिली होती.

अनुक्रमणिकेत सातव्या नंबरला लिहिलं होतं, 'पदवी'.

सातवा कागद लॅमिनेशन केलेला. वर सैन्याचं बोधचिन्ह, खाली रेकॉर्ड ऑफिसची सही-शिक्का. माझा हात तिथंच थांबला. हा कागद मी आधी एकदा बघितला होता, आणि तेव्हा फसलो होतो.

ती गोष्ट २०११ ची. तेव्हा सीईटी नव्हती, प्रवेश कॉलेजातच व्हायचे. फौजेतून नाईक हुद्द्यावर निवृत्त झालेले एक जण आले, असाच कागद त्यांनी दिला. मी वरचं 'ग्रॅज्युएशन' वाचलं, खालचा बारीक मजकूर वाचला नाही. प्रवेश दिला, फी घेतली. फेब्रुवारीत विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून पत्र आलं की पदवी ग्राह्य नाही. परीक्षेचा फॉर्म अडकला, वर्ष गेलं. चूक माझी होती. तो माणूस मात्र माझ्यावर ओरडलाही नाही. "ठीक है साब" म्हणाला आणि फाइल काखेत मारून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

भानगड अशी आहे. दहावी पास असून पंधरा वर्षं नोकरी झालेल्या सैनिकाला केंद्र सरकारच्या गट 'क' मधल्या जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. १९८६ चा आदेश आहे तसा. उद्देश चांगला आहे. ज्या वयात बाकीची पोरं कॉलेजात होती त्या वयात हा माणूस सरहद्दीवर होता, म्हणून नोकरीसाठी त्याचं नुकसान होऊ नये. पण ही सवलत नोकरीपुरती आहे. कायद्याच्या वर्गात बसायला विद्यापीठाचीच पदवी लागते.

मी हे जमेल तेवढ्या सरळ शब्दांत सांगितलं. मेजरांनी कागद उचलला, लॅमिनेशनवरून अंगठा फिरवला.

"मंजी भाऊसायब, ह्याच्यावर मला इन्कम टॅक्सात क्लार्क होता येतंय?"

"गट क ची जागा असेल अन् परीक्षा पास झालात तर, होय."

"अन् तुमच्या वर्गात बसता येत न्हाई."

"नाही येत."

"असं कामून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिपायाला चहा आणायला सांगितला.

वकील कशाला व्हायचंय, हे चहावर कळलं. साडेतीन एकर जमीन. मेजर राजौरीला असताना शेजाऱ्यानं दरवर्षी नांगराच्या एकेका तासानं बांध कोरला. कोरता कोरता दहा गुंठे गेले. मोजणी झाली, तहसील झालं, दिवाणी दावा लागला. ते रजेवर यायचे तेव्हा तारीख नसायची, अन् तारीख असायची तेव्हा रजा मिळायची नाही. कोर्टात १९५४ च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल लावली होती, तिच्यात काय लिहिलंय ते यांच्या वकिलालाही धड सांगता येईना. "म्हटलं, आपणच शिकावं."

तेवढ्यात आमचे एक प्राध्यापक सही घ्यायला आले. त्यांना विषय मिळायचाच अवकाश. अमेरिकेत १९४४ साली रूझवेल्टनं कायदा केला, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाची कॉलेजची फी सरकारनं भरायची. १९४७ मध्ये तिथल्या कॉलेजांत शिरलेल्यांपैकी जवळपास निम्मे हे परतलेले सैनिकच होते. आजही तिथं छत्तीस महिन्यांपर्यंत शिक्षणाचा खर्च मिळतो, स्वतः नाही शिकलात तर काही अटींवर बायकोच्या, लेकरांच्या नावावर करता येतो. मेजरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं बी बांध कोरत्यात का?"

प्राध्यापक हसत गेले. मी पुन्हा फाइल चाळली आणि बारावीचा मार्कमेमो नीट बघितला. औरंगाबाद विभागीय मंडळ, १९९३. हाच कागद कामाचा होता. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करता येतं, वर्ग रविवारी भरतात, अभ्यास केंद्र तालुक्याला आहे. मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दल बार काउन्सिलची अट एवढीच, की दहावी-बारावी न करता थेट पदवीला बसलेलं नसावं. यांची बारावी रीतसर होती.

"बीएची तीन, मग इथली तीन," मेजर बोटांवर मोजायला लागले. "एकोणपन्नास. काय हरकत न्हाई. आमची केस त्याच्या आत सुटत न्हाई."

फाइल बंद करताना शेवटच्या प्लॅस्टिकमध्ये आणखी एक मार्कमेमो दिसला. मुलीचा. बारावी विज्ञान, एक्याऐंशी टक्के. ती बीएस्सी नर्सिंगला चालली होती. "पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज केला का?" त्यांना ठाऊकच नव्हतं. अधिकारी हुद्द्याखालच्या माजी सैनिकांच्या लेकरांना मिळते, ज्या परीक्षेच्या जोरावर प्रवेश मिळतो तिच्यात, म्हणजे इथं बारावीत, साठ टक्के लागतात, आणि अर्ज पहिल्या वर्षातच करावा लागतो. हे शेवटचं न कळल्यानं कितीतरी पोरांची गेलेली मी बघितली आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाचं पोर्टल उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मुलींना तेव्हा महिन्याला २,२५० रुपये होते, पुढच्या वर्षीपासून ३,००० झाले.

मेजर चष्मा लावून वाचत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

"माजी सैनिकाची लेकरं अन् विधवा. बरुबर?"

"बरोबर."

"मंजी मी मेलो तर माझी बायकू शिकू शकती. जित्ता हाय तर मला न्हाई."

आणि स्वतःच मोठ्यानं हसले. रांगेतली पोरं बघायला लागली. मला हसावं की नाही ते कळेना. त्यांनी योजनेची माहिती वहीत उतरवून घेतली, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ताही. उठताना सवयीनं ताठ झाले, मग ओशाळल्यासारखे होऊन रामराम केला.

मधली वर्षं कोरोनात गेली. मुलीला शिष्यवृत्ती लागल्याचा फोन तेवढा येऊन गेला होता. मेजर पुन्हा माझ्यासमोर बसले तेव्हा फाइल तीच होती, अनुक्रमणिका नवी. सातव्या नंबरला मुक्त विद्यापीठाची बीए, द्वितीय श्रेणी. सीईटीही पुन्हा दिलेली, या वेळी पंच्याण्णव. मी 'मूळ प्रत पाहिली' असा शिक्का मारत गेलो. आठव्या नंबरला तो लॅमिनेशनचा कागद होताच.

"मेजर, हा लागत नाही."

"ऱ्हाऊ द्या की. जागा खातंय व्हय?"

राहू दिला. बांधाच्या केसचं काय झालं म्हणून विचारलं.

"तारीख हाय," मेजर म्हणाले. "पुढल्या महिन्यात, चौदाला. त्या दिवशी लेक्चरला सुट्टी घावंल का तेवढं बगा."