सन्मानचिन्हावरचं मराठी अक्षर: माझा अनुभव

५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्यामुळे या दिवसाचं आमच्या गावाला अप्रूप जरा जास्तच. आमच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा त्या निमित्ताने शाळांची एकांकिका स्पर्धा घेतली आणि उभं आयुष्य रंगभूषा करण्यात घालवलेल्या एका काकांचा सत्कार ठरवला. बक्षिसं करून आणायचं काम माझ्याकडे आलं. मुलांसाठी अ‍ॅक्रिलिकची सन्मानचिन्हं, काकांसाठी सागवानी फळीवर कोरलेलं मानपत्र आणि फिरत्या ढालीसाठी पितळी पट्टी. तिन्हीवर लेझरने मराठी अक्षर कोरायचं होतं.

ट्रॉफीच्या दुकानात मी रंग, आकार, किंमत हे सगळं पटकन ठरवलं. अक्षरापाशी मात्र काम थांबलं. समोर आलेल्या पहिल्या नमुन्यात 'सर्वोत्कृष्ट अभिनय' ही ओळ पट्टीची रुंदी भरावी म्हणून आडवी ताणलेली होती, आणि जाड दिसावी म्हणून अक्षरांना भोवतीने एक रेघ दिलेली होती. त्यामुळे 'ष'चं पोट भरून गेलं होतं आणि 'त्कृ'खालचा ऋकार नुसता ठिपका झाला होता. डिझायनर मुलगा मनापासून काम करणारा होता. तो म्हणाला, "ताई, मराठीत एवढेच फॉन्ट चालतात आमच्याकडं. बाकीचे टाकले की अक्षरं फुटतात."

त्याचं म्हणणं खरं होतं. बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते आणि श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर नावं पाठवतो ती युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत. ती तिथे चिकटवली की जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. मग तो मुलगा सगळी नावं स्वतः पुन्हा टाइप करतो, आणि नावांतल्या चुका नेमक्या तिथे शिरतात. तेव्हा मी ठरवलं की मजकूर घरीच बसवायचा, अक्षरांचे आकार करून टाकायचे आणि दुकानात फक्त कोरायला द्यायचं. इंकस्केप हे फुकट मिळणारं चित्रं-डिझाइनचं सॉफ्टवेअर मराठी जोडाक्षरं व्यवस्थित जुळवतं. त्यात मजकूर लिहून 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलं की अक्षरं चित्रासारखी होतात, मग समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. फाइल पीडीएफ करून द्यायची, आणि शेजारी बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवायची. दुकानात फाइल उघडल्यावर ती रेघ मोजली की माप हललंय का ते लगेच कळतं.

आता अक्षर कुठलं? मी 'सर्वोत्कृष्ट' हाच शब्द पारखायला घेतला. मराठी फॉन्टची परीक्षा घ्यायला याच्याइतका चांगला शब्द मला सापडला नाही. वर रफार आणि मात्रा एकत्र येतात, खाली ऋकार लोंबतो, मध्ये अर्धा 'त' 'क'ला टेकतो आणि शेवटी 'ष्ट' अंग चोरून बसतो. हा शब्द लहान आकारात सुटसुटीत दिसला की त्या फॉन्टवर पुढचे कष्ट घ्यायचे. जोडीला 'द्वितीय' आणि 'उत्तेजनार्थ' हे दोन शब्द. 'प्रथम' तर कुठल्याही फॉन्टमध्ये छानच दिसतो.

विंडोजमधला 'मंगल' सगळ्यांच्या डोळ्यांना सवयीचा. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या अक्षरकाराचं ते काम, पण ते स्क्रीनवर वाचण्यासाठी घडवलेलं. सन्मानचिन्हावर मला त्यात कार्यालयीन पत्राचा भास होत राहिला. ब्रशच्या वळणाचे फॉन्ट नाटकाच्या जाहिरातीवर शोभतात, पण चार-पाच मिलिमीटर उंचीला त्यांची निमुळती टोकं लेझरला झेपत नाहीत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मला अ‍ॅक्रिलिकसाठी सगळ्यात भरवशाचा वाटला. तो मोफत आहे, बारीकपासून जाडपर्यंत त्याची सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, त्यामुळे जाडी हवी तर भोवती रेघ न देता जाड वजनच निवडता येतं. रेघांची जाडी जवळजवळ सारखी आणि अक्षरांची पोटं मोकळी.

पोटं मोकळी असणं का महत्त्वाचं, ते यंत्र बघितल्यावर कळतं. अ‍ॅक्रिलिक आणि लाकूड कोरणारं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेझर १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचं असतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याचा ठिपका लहानात लहान म्हटला तरी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. यंत्र छपाईसारखं आडव्या ओळी मारत जातं. अक्षराची बारीक रेघ त्या ठिपक्याच्या जाडीला आली की कडा विरतात, आणि 'क', 'ध', 'भ' यांच्या गाठींतली पोकळी त्याच मापाची झाली की ती बुजते. म्हणून 'फॉन्ट किती सुंदर' याच्या आधी 'या मापाला त्याची सर्वांत बारीक रेघ आणि सर्वांत लहान पोकळी किती उरते' हे बघावं लागतं. मी प्रत्येक फॉन्ट प्रत्यक्ष मापाला कागदावर छापून हाताच्या अंतरावर धरत होते. संगणकावर मोठं करून बघितलेलं अक्षर हमखास फसवतं.

मापाचीही एक गोम आहे. दुकानात सवयीने प्रत्येक ओळ एका ठरावीक उंचीच्या चौकटीत बसवतात. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते चालतं. मराठीत 'प्रथम'ला वर काही नाही, म्हणून तो चौकटीत मोठा होतो. 'द्वितीय'ला वर वेलांट्या, 'सर्वोत्कृष्ट'ला वर-खाली दोन्हीकडे काही ना काही, म्हणून ते आक्रसतात. सन्मानचिन्हं टेबलावर ओळीने मांडली की दुसऱ्या क्रमांकाचं अक्षर पहिल्यापेक्षा बारीक! मुलांच्या बाबतीत मला हे अजिबात चालणार नव्हतं. त्यामुळे सगळ्या फाइलींत फॉन्टचा आकार एकच ठेवला, आणि तो ठरवला यादीतल्या सर्वांत लांब नावावरून. नाव, वडिलांचं नाव, आडनाव मिळून जे नाव पट्टीत जेमतेम मावलं, त्याचाच आकार सगळ्यांना. आखूड नावाभोवती जागा मोकळी राहिली तर राहू दे. ती भरायला अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते, आणि तुटक्या शिरोरेघेचं नाव मला बघवत नाही.

पहिला तुकडा कोरून आला तेव्हा शिरोरेघेवर प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यात एक न कोरलेली बारीक फट दिसली. यंत्र बिघडलंय असं वाटावं इतकी नियमित. कारण फॉन्टच्या रचनेत आहे: रेघ सलग दिसावी म्हणून मराठी अक्षरं शिरोरेघेवर एकमेकांवर किंचित चढवलेली असतात. दोन बंद आकार एकमेकांवर आले की लेझरचं सॉफ्टवेअर तो सामाईक भाग मोकळा धरतं. उपाय सोपा आहे. पाथ केल्यावर सगळी अक्षरं 'युनियन' करायची, कोरलमध्ये त्याला 'वेल्ड' म्हणतात. शब्द एकसंध आकार झाला की फटी गेल्या. मराठी मजकूर लेझरला देणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावंच.

अ‍ॅक्रिलिकचं बाकी थोडक्यात. साच्यात ओतून केलेलं, म्हणजे कास्ट अ‍ॅक्रिलिक घ्यावं, त्यावर कोरलेलं दुधाळ पांढरं उमटतं. यंत्रातून दाबून काढलेल्या, म्हणजे एक्सट्रूडेड शीटवर ते जवळजवळ पारदर्शकच राहतं आणि अक्षर दिसत नाही. मागच्या बाजूने उलटं कोरलं की पुढचा भाग गुळगुळीत राहतो आणि अक्षरांत धूळ बसत नाही. प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना, मात्र उलटं करण्याआधी तपासावं. आरशातली वेलांटी ह्रस्व की दीर्घ हे डोळ्यांना पटकन कळत नाही.

सागवानी मानपत्रावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. मजकूर मोठा, त्यात 'सीतास्वयंवर', 'कृतज्ञता', 'रंगभूषा' असे शब्द. मला त्याला जुन्या पोथी-पुस्तकांच्या वळणाचं जाड-बारीक अक्षर हवं होतं. 'तिरो देवनागरी' हा फॉन्ट त्यासाठी मनात भरला. फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी घडवलेला, आणि मराठी, हिंदी, संस्कृत अशा तीन वेगळ्या रूपांत मिळणारा. मराठी रूपात आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आपोआप येतो. याबाबत मी हट्टी आहे. काकांना आपण शाल देणार आणि त्यांच्या मानपत्रावरची 'शाल' हिंदी वळणाची, हे मला पटत नाही. मराठी भाषा विभागाच्या २०२२च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं सांगितली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली तरच आपलं वळण येतं. म्हणून कुठल्याही फॉन्टमध्ये मी आधी 'शाल' टाइप करून बघायचे.

लाकडाने मात्र माझ्या आवडीला मर्यादा घातली. सागाच्या नसा आळीपाळीने मऊ आणि कठीण असतात, मऊ भाग खोल जळतो, कठीण भाग कमी. फळी आडवी असेल तर नसाही आडव्या आणि आपली शिरोरेघही आडवी. बारीक शिरोरेघ एखाद्या नसेवर नेमकी आली की ती त्यात हरवते, आणि अक्षरं नुसती लोंबकळल्यासारखी दिसतात. 'तिरो'ला एकच वजन आहे, जाड रूप नाही. तेव्हा मानपत्राचं शीर्षक आणि काकांचं नाव 'तिरो'त मोठं घेतलं, तिथे त्याची शिरोरेघ पुरेशी जाड उतरते, आणि खालचा मजकूर 'मुक्ता'च्या मध्यम वजनात. ओळींमधलं अंतर नेहमीपेक्षा वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. कोरण्याआधी फळीवर मास्किंग टेप लावली होती, त्यामुळे धुराचे डाग पडले नाहीत. नंतर अक्षरांच्या पोटांतले टेपचे कपटे सुईने काढत बसावं लागलं. ते काम मी आवडीने केलं.

पितळेचं काम सीओटू यंत्रावर होत नाही, उघड्या धातूवरून तो किरण परावर्तित होतो. त्याला १.०६ मायक्रॉनचं फायबर लेझर लागतं. कुपवाड एमआयडीसीत यंत्रांच्या सुट्या भागांवर नंबर मारणारे एक काका ते करून देतात असं कळलं. त्यांच्या यंत्राचा ठिपका कितीतरी बारीक. लाकडाने नाकारलेलं नाजूक अक्षर पितळेने सहज घेतलं. तीन मिलिमीटरच्या ओळीत 'तिरो'ची 'ज्ञ'ची गाठ स्वच्छ उमटली. पण चकाकत्या पितळेवर बारीक रेघ एका बाजूने दिसते आणि प्रकाश फिरला की लपते. या लेझरवाल्या काकांनी एकाच तुकड्यावर फिकट आणि गडद अशा दोन खुणा काढून दिल्या आणि म्हणाले, "उन्हात धरून बघा ताई, मग सांगा." मी गडद निवडली.

तिथे मला लग्नातल्या भांड्यांवरची नावं आठवली. भांड्यांच्या दुकानात हातातल्या घरघरत्या यंत्राने ताटा-वाट्यांवर नाव घालून देतात ना, ते अक्षर एकाच जाडीच्या रेघेचं असतं. ना जाड, ना बारीक, शिरोरेघही बऱ्याचदा अर्धवट. तरी आईच्या लग्नातल्या ताटावर 'सप्रेम भेट' आजही वाचता येतं. घासून घासून ताट पातळ झालं, अक्षर टिकलं. फिरती ढाल दर वर्षी हातोहात जाणार, पुसली जाणार. म्हणून तिच्या पट्टीवर शीर्षक 'तिरो'त ठेवलं आणि दर वर्षी भर पडणारी विजेत्या शाळांची यादी मुद्दाम साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरात.

नावांचं प्रूफ प्रत्येक मुलाच्या घरी पाठवलं. मंडळात यावरून वाद झाला, कारण काही नावांतल्या वेलांट्या शुद्धलेखनाच्या नियमात बसत नव्हत्या. माझं मत स्पष्ट होतं: मानपत्राचा मजकूर नियमाप्रमाणे, पण माणसाचं नाव तो लिहितो तसं. शेवटी तसंच ठरलं.

आता प्रत्येक फाइलच्या दोन प्रती मंडळाच्या संगणकावर आहेत. एकीत मजकूर बदलता येण्याजोगा आहे आणि फॉन्टही तिथेच सोबत ठेवलेत, दुसरी कोरायला द्यायची, वेल्ड केलेली. फाइलच्या नावात मटेरियल, फॉन्ट, वजन आणि आकार लिहिलाय. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्याकडे जाईल त्याने पहिल्या फाइलमध्ये नावं बदलायची, नव्या यादीतलं सर्वांत लांब नाव आधी बसवून बघायचं, आणि कोरण्याआधी त्याच मटेरियलच्या कपट्यावर 'सर्वोत्कृष्ट' काढून घ्यायचं.