सिम्युलेटर, कान आणि दाबोळीची रात्र

विमानाचा सिम्युलेटर म्हटले की फोंड्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला आकाशपाळणा येतो. प्रत्यक्षात लांब-आखूड होणाऱ्या सहा पायांवर उभी असलेली, वैमानिकांना जमिनीवरच सराव देणारी ती कॉकपिटची खोली कोणत्याही दिशेला फारशी सरकत नाही, तरीही विमान धावपट्टीवरून सुटल्याचा जोर आत बसलेल्याच्या पाठीला स्पष्ट जाणवतो.

अंतर्कर्णातल्या सूक्ष्म कणांच्या भाराने वाकणाऱ्या इंद्रियाला, वेग वाढतो आहे की डोके मागे कलले आहे, हे ओळखता येत नाही, आणि सिम्युलेटरचे सगळे कसब या उणिवेवर चालते. इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, म्हणजे थ्रस्ट लीव्हर, पुढे सारताच खोली क्षणभर पुढे झेपावते आणि मग, आपल्याला पत्ता लागू न देता, सावकाश मागे कलते. पडद्यावरची धावपट्टी मात्र सपाटच राहते. कल 10 अंशांचा असला तर आपल्या वजनाचा सुमारे 17 टक्के जोर पाठीकडे वळतो आणि मेंदू त्याला बिनदिक्कत वेग समजतो.

हे सोंग तीव्र वळणात उघडे पडते. 45 अंश कलून उंची राखत वळताना खऱ्या विमानात शरीराचे वजन सुमारे 1.4 पट होते, हात जड होतात, गाल खाली ओढले जातात. सिम्युलेटर हा भार टिकवून धरू शकत नाही. डोळे वळण पाहतात, बूड मात्र स्वस्थ खुर्चीवर असते, आणि मळमळ सुरू होते ती इथेच. प्रशिक्षकाने मध्येच विमान उचलून दहा मैल मागे नेऊन ठेवले, तर पडद्यावरचे दृश्य झरकन सरकते. अशा वेळी जुनी मंडळी निमूटपणे डोळे मिटून घेतात, आणि मला तो शहाणपणा वाटतो.

पायाला होणारे श्रम मात्र खरेच असतात. उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले की विमानाचे नाक त्या बाजूला ओढले जाते आणि नाक डावीकडे-उजवीकडे वळवणाऱ्या रडरचे उलट बाजूचे पेडल दाबून धरावे लागते. ट्रिम, म्हणजे पेडलवरचा भार पेलणारी योजना, लावून तो उतरेपर्यंत मांडी थरथरत असते, टाच घसरू पाहते, आणि त्याच वेळी तोंडाने सूचना ठामपणे म्हणायच्या असतात.

कानाची वेग आणि कल यांत गल्लत करण्याची ती उणीव गोव्यातल्या दाबोळी विमानतळाहून पश्चिमेकडे रात्री उड्डाण करताना धोक्याची ठरते. धावपट्टी संपली की पुढे अरबी समुद्र. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ट्रॉलरचे दिवेही नसतात, आणि इतर महिन्यांत तेच दिवे ताऱ्यांत मिसळून खोटे क्षितिज उभे करतात. वाढता वेग शरीराला ‘नाक फार वर गेले’ असे सांगतो आणि हात नाक खाली दाबू पाहतो. दाबले की वेग आणखी वाढतो आणि भास आणखी पक्का होतो. सिम्युलेटरला हा भास शेवटपर्यंत नेता येत नाही, कारण तोवर त्याचे पाय पुरे ताणले गेलेले असतात. म्हणून प्रशिक्षक तिथे संवेदनेऐवजी नजर घडवतात: विमानाने जमीन सोडली की विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर, म्हणजे कृत्रिम क्षितिजावर, ठरलेला चढ धरायचा, उंची आणि वेग वाढताना पाहायचे, आणि खिडकीबाहेर पाहायचेच नाही.