शिल्लक रजा : दोन

मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले त्या ११ जुलै २००६ ला मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी ऑफिसला गेलो होतो. हे मी गेली एकोणीस वर्षं लग्नकार्यात, गावाला, ट्रेकच्या बसमध्ये, कुठे कुठे सांगत आलोय, आणि ऐकणारा दर वेळी मान हलवून म्हणतो, "हेच ते मुंबईचं स्पिरिट!"

आता निवृत्त झालोय, सर्व्हिस बुक बंद झालंय, तेव्हा खरं काय ते सांगायला हरकत नाही. माझ्या खात्यावर दोन सीएल, म्हणजे किरकोळ रजा, शिल्लक होत्या. त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला, रविवारी आली होती. सोमवार-मंगळवार टाकले की देवगडला घरच्या गणपतीला पोचता येणार होतं. बुधवारी घरी बसलो असतो तर त्यातली एक गेली असती. बस, एवढंच.

११ जुलैच्या त्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे पश्चिम रेल्वेवर, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. खार-सांताक्रूझ, बांद्रा, माहीम, माटुंगा रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. ही नावं आम्ही रोज इंडिकेटरवर वाचायचो, त्या रात्री ती टीव्हीवर खालच्या पट्टीत सरकत होती. १८० हून अधिक माणसं गेली, सातशेहून जास्त जखमी झाली. माझा बोरिवली-चर्चगेट फर्स्टचा पास होता. त्या दिवशी मात्र मी सुटती गाडी पकडायला धावलो आणि हाताला लागेल त्या डब्यात, म्हणजे सेकंडमध्ये शिरलो. स्लो गाडी. दादर सोडलं आणि माटुंगा रोडच्या अलीकडे ती उभी राहिली ती राहिलीच.

आवाज मला ऐकू आला नाही. लोक खाली उड्या मारायला लागले तेव्हा वाटलं, पुढे कोणीतरी गाडीखाली आलं असेल. खडीतून चालत पुढे गेलो. मग रुळांकडेच्या वस्तीतली माणसं पळताना दिसली, आणि त्यांच्या हातांत चादरी. स्ट्रेचर कुठून येणार? दोरीवरच्या, ट्रंकेतल्या, अंगावरच्या, मिळतील त्या चादरी. एकीवर मोठाली जांभळी फुलं होती आणि ती ओलसर होती, बहुतेक नुकतीच धुतलेली. चौघांनी चार कोपरे धरले होते, मध्ये पांढऱ्या शर्टातला माणूस. एका पोराच्या चपलेचा अंगठा तुटला, तो अडखळला, म्हणून तो कोपरा मी धरला. तुळशी पाइप रोडपर्यंत शंभरेक पावलं असतील. चादर ओली असली की हातातून सटकते, म्हणून मनगटाला पीळ देऊन धरावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. टॅक्सीवाल्याने मागचं दार आधीच उघडून ठेवलं होतं. त्याने एकच विचारलं, "हिंदुजा के सायन?" जवळचं म्हणून कोणीतरी हिंदुजा म्हणालं. गाडी गेली. तो माणूस वाचला की नाही, मला माहीत नाही. चादरवाली बाई रस्त्याच्या कडेला उभी होती, ती आणखी एक चादर आणायला परत वळली.

मोबाइल बंद पडले होते. पानाच्या ठेल्यावरच्या एक रुपयाच्या लाल फोनच्या डब्यापुढे वीस-पंचवीस माणसांची रांग. पानवाला गल्ल्यातली नाणी मोजून देत होता, सुट्ट्याचे पैसे नंतर द्या म्हणत होता. प्रत्येक जण तेवढंच बोलत होता. "मी आहे." "मी ठीक." "निघतोय." माझ्यापुढच्या माणसाच्या हातात चिठ्ठी होती, अनोळखी माणसांचे सात-आठ नंबर. कोणीतरी डब्यातून दिले होते म्हणे. त्याने प्रत्येक नंबराला एकेक रुपया घातला आणि रांगेतलं कोणीही कुरकुरलं नाही. मुंबईत रांगेत कुरकुर न होणं ही काही साधी गोष्ट नाही.

मग चालायचं. आदल्याच वर्षी २६ जुलैला कमरेएवढ्या पाण्यातून चाललो होतो, त्या मानाने हा रस्ता कोरडा. कलानगरला लोक पाणी वाटत होते, बिस्किटांचे पुडे हातात कोंबत होते. एका टेम्पोने गोरेगावपर्यंत सोडलं. आम्ही बाराएक जण मागे उभे होतो, कोणी एक शब्द बोलला नाही. घरी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. हिने दार उघडलं आणि पहिलं काय म्हणाली, तर "शर्ट काढ आधी." बाहीवर डाग होते. मला तोवर दिसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाड्या चालू झाल्या. गर्दी नेहमीपेक्षा कमी. ऑफिसात निम्मीशिम्मी माणसं आली होती, आणि आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता, "तू कुठल्या गाडीत होतास?" काम कोणी केलं नाही. चहा मात्र सहा वेळा आला. संध्याकाळी टीव्ही लावला तर वार्ताहर चर्चगेटला उभा राहून ओरडत होता, मुंबई पुन्हा धावू लागली, मुंबईला सलाम. मोबाइलवर त्याच सलामाचे एसएमएस. माझ्या मनात आलं, अरे बाबा, ज्याचा पगार रोजावर आहे तो धावणार नाही तर काय करील? १९९३ च्या मार्चमध्येही हेच ऐकलं होतं. शुक्रवारी १२ तारखेला शेअर बाजारापासून सेंच्युरी बाजार, प्लाझापर्यंत स्फोट झाले, २५७ माणसं गेली, आणि सोमवारी बाजार उघडला म्हणून केवढं कौतुक! कौतुक करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण पाठीवर थाप मारली की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात, असा माझा जुना अनुभव आहे. ऑफिसातलाही.

बरं, मी धीट होतो का? पुढचे अडीच महिने फर्स्टचा पास खिशात ठेवून सेकंडने गेलो. पैसे भरलेले, जागा तिकडे, आणि मी इकडे दारात लोंबकळत. तर्क काहीच नाही. सेकंडच्या गर्दीत कोण कोणाची बॅग बघतंय? पण "स्फोट फर्स्टमध्ये होतात" एवढं डोक्यात बसलं होतं. हिनेही घातलं होतं.

पोलिसांनी सांगितलं की स्फोटकं प्रेशर कुकरमध्ये होती, आणि आमच्या घरी वेगळाच घोळ झाला. आमच्या कुकरचं झाकण बसत नव्हतं, तो दादरच्या ओळखीच्या दुकानात दुरुस्तीला न्यायचा होता. नेणार कोण? पिशवीत कुकर घेऊन लोकलमध्ये चढायची माझी हिंमत नव्हती. रिक्षाने बोरिवली ते दादर परवडत नव्हतं. दोन महिने आमच्याकडे भात पातेल्यात झाला. हिचं म्हणणं, पातेल्यातलाच भात मोकळा होतो. पण ते उसनं अवसान होतं.

आणि ती बॅग. ऑगस्टची सकाळ, विलेपार्ल्याच्या जरा अलीकडे कोणीतरी विचारलं, "ही बॅग कोणाची?" रॅकवर निळी रेक्झिनची, चांगली फुगलेली. कोणी उत्तर देईना. पुन्हा विचारलं, हिंदीत. मग गुजरातीत. गाडी पार्ल्याला थांबली आणि डबा असा रिकामा झाला, की अंधेरीची सवय असलेल्यांनीही तोंडात बोट घालावं. साखळी ओढली गेली. रेल्वे पोलिसांतला एक हवालदार आला. बॉम्बशोधक पथकाची वाट बघायची की काय, यावर त्याने वॉकीटॉकीवर बरीच चर्चा केली, आणि मग, कंटाळून असेल, काठीने चेन सरकवली. सगळा प्लॅटफॉर्म मागे सरला. आणि वास आला. सुका जवळा! दोनेक किलो तरी असेल, वर लग्नपत्रिकांचा गठ्ठा. हवालदार ओरडला, "अरे कोणाची आहे?" तेव्हा माझ्या शेजारी उभा असलेला विशीतला पोरगा हळूच म्हणाला, "माझीच आहे." मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, "मी दारात उभा होतो, मला ऐकू आलं नाही. सगळे उतरून पळाले म्हणून मी पण पळालो."

स्वतःच्या जवळ्याला भिऊन पळालेला हा एकटाच माणूस मी पाहिलाय. पण त्या काळात आपण सगळेच थोडेफार असे होतो.

आमचा फर्स्टमधला ग्रुप सकाळचा. आडनावांनी हाका मारायची पद्धत नव्हती, धंद्यावरून नाहीतर गावावरून नाव. मी देवगड. एक शेअरवाले, एक एलआयसी, एक डोंबिवली, हे बोरिवलीत राहायला येऊन दहा वर्षं झाली तरी डोंबिवलीच. आणि मीरा रोडचे खेडवाले. खेडवाले कोकणी मुसलमान, क्रॉफर्ड मार्केटजवळ चष्म्याच्या दुकानात हिशेब बघायचे. माझ्याशी शुद्ध कोकणी वळणाचं बोलायचे. "काय देवगड, यंदा गणपतीक जाणार की साहेब अडवतलो?" मालवणीची नक्कल ते मुद्दाम वाईट करायचे. उन्हाळ्यात मी त्यांना हापूसची पेटी आणून द्यायचो, ईदनंतर ते स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा आणायचे.

मी सेकंडने जात होतो त्या काळातलं मला शेअरवाल्यांनी नंतर सांगितलं. खेडवाल्यांची तपकिरी बॅग वर्षानुवर्षं रॅकवर असायची. जुलैनंतर ती त्यांच्या मांडीवर आली. नुसती मांडीवर नाही, चेन उघडी, आतला डबा आणि घडी केलेला पेपर वरून दिसेल अशी. कोणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. बोरिवलीला चढणाऱ्या नव्या माणसाची नजर एकदा बॅगेवर, एकदा दाढीवर जायची, तेवढंच. मीरा रोडहून येणारी गाडी, तासाभराचा प्रवास, आणि बासष्टीचा माणूस मांडीवर बॅग उघडी ठेवून बसलाय. शेअरवाले म्हणाले, "दिसायचं यार, पण बोलायचं काय?"

१८ जुलैला, आठवड्याने, संध्याकाळी ६.२५ ला शहरभर सायरन वाजला. माहीम स्टेशनवर राष्ट्रपती कलाम आले होते, मेणबत्ती लावली. मी चर्चगेटला प्लॅटफॉर्मवर होतो. सगळे जिथल्या तिथे थांबले. स्टॉलवरच्या पोऱ्याने कढईतला झारा वर उचलून धरला, त्यातून तेल ठिबकत होतं, आणि तळणीचा चर्र आवाज तेवढा चालू. तेव्हा मला खेडवाल्यांची आठवण झाली असती तर बरं झालं असतं. झाली नाही. मी चादरीतल्या माणसाचा विचार करत होतो.

दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणून डब्याची पूजा आदल्या शुक्रवारी ठरली. पूजेला न जाणं शक्य नव्हतं, वर्गणी मी भरली होती. तशी माझी फर्स्टमध्ये घरवापसी झाली. झेंडूची तोरणं, रॅकच्या दांड्यांना आंब्याचे टाळे, कागदी प्लेटमध्ये चिवडा आणि पेढा. खेडवाले खिडकीशी, मांडीवर ती बॅग. शेअरवाले प्लेटा वाटत त्यांच्यापर्यंत आले. एका हातात प्लेट, एका हातात बॅगेचा पट्टा, आता प्लेट धरायची कशी? शेअरवाल्यांनी काही विचारलं नाही. बॅग उचलली, चेन खर्रकन लावली, रॅकवर फेकली आणि म्हणाले, "अरे काका, खाओ ने!" खेडवाले दोन क्षण हात तसेच रिकामे धरून बसले. मग त्यांनी प्लेट घेतली. बॅग पुन्हा खाली आली नाही.

त्यानंतर २००८ चं झालं. सीएसटीला पन्नासाहून जास्त माणसं मारली गेली, आणि टीव्हीने तीन दिवस ताज दाखवलं. ३ डिसेंबरला गेटवेला हजारो माणसं जमली, मीही गेलो होतो. तिथे राग होता, स्पिरिट नव्हतं, ते मला आवडलं. २०११ च्या जुलैत पुन्हा झवेरी बाजार, ऑपेरा हाउस, दादर. स्टेशनांवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या. त्यातून गेलं की टुंई वाजतं, लाखो माणसं टुंई टुंई करत जातात, कोणी थांबवत नाही. मीही नंतर नंतर रॅककडे बघायचं विसरत गेलो. भीती गेली असं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीचं लग्न, तिच्या जागेवर दुसरं काहीतरी येऊन बसत गेलं.

आणि २०२५ च्या २१ जुलैला बातमी आली. खालच्या कोर्टाने २०१५ मध्ये ज्या बारा जणांना दोषी ठरवलं होतं, पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती, त्या सगळ्यांना हायकोर्टाने निर्दोष सोडलं. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, तुरुंगात मात्र कोणाला परत पाठवलं नाही. आमच्या जुन्या ग्रुपवर एलआयसीने बातमी टाकली. खाली डोंबिवलीने दोनच शब्द लिहिले : "मग कोणी?" निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या. उत्तर कोणी लिहिलं नाही. एकोणीस वर्षांनी हा प्रश्न पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो, आणि आपण लगेच दुसऱ्या दिवशी गाड्या सुटल्याचं कौतुक सांगत बसलो होतो.

मी खेडवाल्यांना फोन केला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे असतात, लोकलने जात नाहीत. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पाऊस, गुडघे, यंदा गणपती २७ ऑगस्टलाच आहे म्हणून मी सांगितलं, २००६ सारखाच. मग मी धीर करून बॅगेचं काढलं. म्हटलं, तेव्हा मी डब्यातच येत नव्हतो, आणि आलो तेव्हाही, खरं सांगतो, आधी रॅककडे बघायचो.

"म्हाईत आसा," ते म्हणाले. तीच वाईट नक्कल. मग थांबून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अरे देवगड, मी पण बघायचो. तुमच्या आधी चढायचो ना मी. रिकामा डबा, आधी सगळे रॅक बघायचो, सीटखाली वाकून बघायचो, मग बसायचो. आणि मग बॅग उघडायचो."