नऊ पगारांमधला पाचवा

शैक्षणिक कर्जाच्या अर्जदारांना सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि त्यातील बहुतेक भेटी लवकर विसरल्या जातात. एका विद्यार्थिनीची भेट मात्र विसरता येत नाही, कारण त्या दिवसानंतर माझी हिशेब मांडण्याची पद्धत बदलली.

तिला समाजशास्त्रात पदवी घ्यायची होती. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून जेवढे कर्ज लागणार होते, तेवढाच पदवीधरांचा सरासरी वार्षिक पगार संस्थेच्या माहितीपुस्तिकेत छापलेला होता. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावे, हा आमच्या कामातील एक जुना ठोकताळा आहे. त्या ठोकताळ्यात अर्ज नेमका बसत होता आणि मी होकारार्थी शेरा लिहिण्याच्या बेतात होते.

तेवढ्यात तिने वहीचे एक पान माझ्यापुढे ठेवले. त्या संस्थेच्या सामाजिक शास्त्रे विभागातून बाहेर पडलेल्या 14 जणांशी ती स्वतः बोलली होती. त्यांपैकी 5 जण पुढे शिकत होते, म्हणजे त्यांना पगारच नव्हता, आणि माहितीपुस्तिकेच्या सरासरीत त्यांची गणनाही नव्हती. उरलेल्या 9 जणांपैकी 2 जण अर्थशास्त्राचे होते. त्यांनी संख्याशास्त्राची जोड घेतली होती आणि त्यांचे पगार इतरांपेक्षा फारच वर होते. नऊ आकडे चढत्या क्रमाने लिहून तिने पाचव्या आकड्याभोवती वर्तुळ केले होते. हा मध्यक छापील सरासरीच्या 60 टक्के भरत होता.

अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांना ‘सामाजिक शास्त्रे’ या एका नावाखाली गोळा करून एकच पगार छापणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. दोन मोठे पगार सरासरीला वर ओढतात, पण मध्यकाला फारसे हलवू शकत नाहीत, हे शाळेच्या गणितातही शिकवले जाते. तरीही इतकी वर्षे तो छापील आकडा मी निमूटपणे अर्जात उतरवून घेत आले होते.

आम्ही दोघींनी हिशेब पुन्हा मांडला. व्याजाचा दर 9 टक्के होता, रक्कम दरवर्षी एकतृतीयांश उचलायची होती आणि पदवीनंतर एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत होती. शिक्षणाच्या आणि सवलतीच्या मिळून चार वर्षांत केवळ सरळव्याज धरले तरी परतफेड सुरू होण्याच्या दिवशी 100 रुपयांचे 127 झालेले असतात आणि पुढे 10 वर्षे हप्ते भरून होईपर्यंत एकंदर 193 रुपये जातात. छापील पगार खरा धरला, तर दरमहा मिळकतीचा 19 टक्के भाग हप्त्यात जाणार होता. तिने वर्तुळ केलेला पगार धरल्यावर तोच भाग 32 टक्क्यांवर गेला.

मी तिला एवढेच म्हणाले, की या शाखांतील मिळकत बहुधा सुरुवातीला कमी असते आणि अनुभवाने किंवा पुढील पदवीने वाढते, त्यामुळे पहिल्या पगारावरून साऱ्या आयुष्याचा अंदाज बांधू नये. त्यावर ती म्हणाली, “ते मला मान्य आहे, मॅडम. पण हप्ता पहिल्या वर्षापासूनच पूर्ण द्यावा लागेल ना?”

समान हप्त्यांच्या कर्जाची खरी अडचण तिने एका वाक्यात सांगितली होती: मिळकत सर्वांत कमी असते त्याच वर्षांत हप्ता सर्वांत जड जातो. ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये उच्च शिक्षणासाठी मिळकतीशी जोडलेली परतफेड सुरू केली. तेथे ठरावीक मर्यादेपेक्षा मिळकत कमी असेल, तर त्या वर्षी परतफेड करावी लागत नाही. तिच्यासमोरच्या कर्जात अशी कोणतीही तरतूद नव्हती.

यानंतर तिने जो प्रश्न विचारला, तो इतक्या वर्षांत एकाही अर्जदाराने मला विचारला नव्हता. “पदवी अर्धवट राहिली तर?” तिच्या मोठ्या भावाचे तसे झाले होते. दुसऱ्या वर्षी आजारपणामुळे त्याचे शिक्षण सुटले, कर्ज मात्र राहिले, आणि पदवीमुळे मिळू शकणारा जादा पगार कधीच हाती आला नाही. तिची आई शेजारीच बसली होती. ती या सगळ्या वेळात काही बोलली नव्हती, आताही बोलली नाही. माझ्या अर्जाच्या नमुन्यात या शक्यतेसाठी एक रकानाही नव्हता, याची मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली.

समाजशास्त्र सोडून दुसरे काही घे, असा सल्ला मी तिला दिला नाही. तो विषय तिला मनापासून शिकायचा होता आणि ज्या विषयात मन नाही त्यात पदवी अर्धवट राहण्याचा धोका वाढतो, असे माझे मत आहे. आम्ही संस्था बदलून पाहिली. दुसऱ्या एका संस्थेत हाच विषय होता, ती घरून ये-जा करू शकत होती आणि कर्ज दोनपंचमांशावर येत होते. तोच 60 टक्क्यांचा पगार धरला तरी हप्त्याचा भाग 13 टक्क्यांच्या आत राहत होता.

तिने पहिला अर्ज परत घेतला आणि दुसरा माझ्यासमोरच भरला. पगाराच्या रकान्यात तिने वर्तुळातला आकडा लिहिला. त्या दिवसापासून प्रत्येक अर्जदाराला मी तीन हिशेब करून देते: एक मध्यकाचा, एक त्याहून कमी पगाराचा आणि एक पदवी पूर्ण न झाल्यास उरणाऱ्या कर्जाचा.