पोलिस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांवर कोण लक्ष ठेवतं? कागद मिळवतानाचा माझा अनुभव

परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी आदेश दिला की प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे हवेत. कोठडी, कोठडीबाहेरची जागा, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, मागची बाजू, कुठेही आंधळा कोपरा उरता कामा नये. चित्रासोबत आवाजही रेकॉर्ड व्हायला हवा. साठवण 18 महिन्यांची, तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर मिळेल तेवढी जास्त, पण वर्षाच्या खाली नाही. सीबीआय, एनआयए, ईडी अशा चौकशी करून अटक करणाऱ्या केंद्रीय यंत्रणांनाही हाच आदेश लागू आहे. खान्देशात हा आदेश कितपत पाळला जातो, हे कागदावर पाहण्यासाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत वाट हीच आहे.

पहिली चूक बहुतेकांची होते तीच माझी झाली. अर्ज पोलिस अधीक्षक कार्यालयात दिला आणि थेट फुटेज मागितलं. उत्तर आलं, कलम 8(1)(g) आणि 8(1)(h) खाली माहिती देता येत नाही. एखाद्याच्या जिवाला धोका आणि तपासात अडथळा, ही त्यामागची कारणं. तपास कोणता आणि अडथळा कसा, याचा एक शब्द नव्हता.

खरी किल्ली आदेशातच आहे. प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती असते. विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक आणि महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख तिचे सदस्य. कॅमेरे चालू आहेत का हे पाहणं, दर महिन्याला राज्य समितीला अहवाल पाठवणं, आणि कुणी तक्रार केली नसली तरी साठवलेलं फुटेज तपासून मानवी हक्कांचा भंग झाला का हे शोधणं, ही तिची कामं. म्हणजे कागद फक्त पोलिसांकडे नसतात, जिल्हाधिकारी कार्यालयातही असायला हवेत. दुसरा अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, गृह शाखेचा उल्लेख करून दिला.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. जोडपत्र ‘अ’चा नमुना वापरावा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. खिडकीवर “काय जोयजे भाऊ?” असं विचारलं तर तोंडी समजावत बसू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. माझी मागणी अशी होती: “दि. 1 जानेवारी ते 30 जून या काळातील जिल्हास्तरीय देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, राज्य समितीला पाठवलेले मासिक अहवाल आणि कॅमेरे बंद असल्याबाबत ठाण्यांकडून आलेली पत्रे यांच्या साक्षांकित प्रती.” यात ‘का’ आणि ‘कधीपर्यंत’ नाही. प्रश्न विचारले की “माहिती उपलब्ध नाही” म्हणायला वाव मिळतो, कागद मागितला की तो आहे किंवा नाही एवढंच सांगावं लागतं.

त्यातली तिसरी मागणी, म्हणजे ठाण्यांकडून आलेली पत्रे, सगळ्यात मोलाची. कॅमेरा बिघडला की ठाणे प्रभारीने जिल्हा समितीला ताबडतोब कळवायचं असतं. एवढंच नाही, कॅमेरे बंद असताना त्या ठाण्यात झालेल्या अटका आणि चौकश्यांची माहिती देऊन त्यांचं रेकॉर्डही समितीकडे पाठवायचं असतं. “कॅमेरा बंद होता” हे उत्तर कुणी दिलं, की त्या दिवसाचं हे पत्र मागा.

पाचव्या दिवशी अर्ज कलम 6(3) खाली पोलिसांकडे हस्तांतरित झाल्याचं पत्र आलं. असं होणारच हे धरून चाला. मी प्रथम अपिलात (जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचा स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत) दोन मुद्दे मांडले. जिल्हाधिकारी समितीचे सदस्य असल्यामुळे इतिवृत्ताची प्रत त्यांच्या कार्यालयाने ‘धारण’ केलेली असायला हवी. आणि थोडा भाग गोपनीय असला तरी कलम 10 प्रमाणे तेवढाच झाकून उरलेला द्यावा लागतो. कलम 8(1)(h)चा आधार आधीच घेतला गेला असेल तर तिसरा मुद्दा जोडा: बैठकीच्या इतिवृत्ताने कोणत्या तपासाला अडथळा येतो ते लेखी सांगा.

सुनावणीनंतर एका बैठकीचं इतिवृत्त मिळालं, मासिक अहवालांपुढे ‘निरंक’. अधिकाऱ्याच्या सहीचं हे ‘निरंक’ फार कामाचं आहे, राज्य समितीकडे तक्रार करताना तेच जोडता येतं. गृह व वित्त विभागाचे सचिव, पोलिस महासंचालक आणि राज्य महिला आयोगाच्या अध्यक्ष किंवा सदस्य त्या समितीत असतात.

साठवणुकीचा दावा तपासायला गणित करा. पोलिसांकडे वेगळा अर्ज देऊन कॅमेऱ्यांची संख्या, हार्ड डिस्कची क्षमता आणि बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा लिहिला जातो) मागा. कॅमेरा दर सेकंदाला 2 मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला सुमारे 21.6 जीबी होतात. दहा कॅमेऱ्यांचे 216 जीबी. 4 टीबीची डिस्क साडेअठरा दिवसांत भरते, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. वर्षभरासाठी जवळपास 79 टीबी लागतील. हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल अशी सेटिंग असेल तर आकडा कमी होतो, म्हणून सेटिंगही विचारा.

म्हणूनच मारहाणीची तक्रार असेल तर माहिती अधिकाराची वाट पाहू नका, त्याच्या 30 दिवसांत डिस्क पुसलेली असेल. त्याच दिवशी अधीक्षकांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा, प्रती जिल्हा समिती आणि राज्य मानवी हक्क आयोगाला. कोणता कॅमेरा, कोणती तारीख, किती वाजता, आणि दोन्ही बाजूंनी तासभर जास्त, कारण रेकॉर्डरचं घड्याळ पुढेमागे असतं. ते किती चुकीचं आहे याची नोंदही मागा. प्रत मिळाली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे तपासायचा सांकेतिक आकडा) सोबत घ्या, नाहीतर पुढे कोर्टात अडतं.

ठाण्याच्या दारात कॅमेऱ्यांबद्दलचा फलक लावणंही बंधनकारक आहे: फुटेज किमान किती दिवस जपलं जातं (साठवणीची अट वर्षाची असली तरी फलकाबाबत आदेश ‘सहा महिन्यांपेक्षा कमी नाही’ एवढंच म्हणतो) आणि हक्कभंग झालेल्याला ते सुरक्षित करवून घेण्याचा अधिकार आहे, हे इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. धडगाव, अक्कलकुव्यात भिली, पावरी बोलणाऱ्यांना मराठी फलक कितपत पोहोचतो, हा प्रश्न समितीसमोर मांडायलाच हवा. फलक नसेल तर तारखेसह फोटो काढून तक्रारीला जोडा.

प्रथम अपिलावर 45 दिवसांत निर्णय नाही, किंवा तो पटला नाही, तर 90 दिवसांत द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे (जोडपत्र ‘क’, 20 रुपये). मूळ अर्ज, पोच, उत्तर आणि प्रथम अपील, सगळ्यांना पानांचे क्रमांक घालून पाठवा.