आमची वाटचाल : आधी नकाशा, मग केबल

आमचं दुकान मिरजेत. सुरुवात ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दुरुस्त करण्यापासून झाली. मग हीच मंडळी घरातल्या एखाद्या खोलीत रेकॉर्डिंग करू लागली. नवा लॅपटॉप घेतला तरी जुना कॉम्प्युटर टाकवत नाही, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड तर हवेतच. सगळं एकत्र जोडायचं कसं, हे विचारायला ती आमच्याकडेच यायची. होम स्टुडिओ जोडून द्यायचं काम असं आपोआप अंगावर आलं आणि आता तोच आमचा मुख्य धंदा आहे.

सर्वांत जास्त तक्रार घूं आवाजाची. लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज बंद, लावला की पुन्हा सुरू. लॅपटॉप एका भिंतीच्या सॉकेटवर, कॉम्प्युटर दुसऱ्यावर. अर्थिंगच्या दोन वाटा होतात आणि ऑडिओ केबलमधून ५० हर्ट्झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. आम्ही सगळी यंत्रं नीट अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर आणतो, बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेली घरघर कापणारी दुहेरी तारांची केबल) वापरतो, तरी राहिलं तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतो; तो विजेचा थेट संबंध तोडून आवाज तेवढा पुढे देतो. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच कापून टाकतात. तसं कापलेलं दिसलं, तर प्लग बदलल्याशिवाय आम्ही पुढचं काम करत नाही. घूं थांबेल, पण शॉक लागून माणूस जाऊ शकतो.

जुन्या कीबोर्डचं गोल, ५ पिनांचं मिडी सॉकेट पाहून पुष्कळ जण तो विकायला निघतात. आम्ही थांबवतो. १९८३ साली आलेली ही पद्धत आजही चोख चालते. त्या केबलमधून आवाज जात नाही, कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढा निरोप जातो, आणि एका केबलवर १६ चॅनेल मिळतात. शिवाय निरोप घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर असतो, तो निरोप प्रकाशातून पुढे देतो, म्हणजे दोन यंत्रांचा विजेचा संबंधच येत नाही. यूएसबीला ही सोय नाही.

दोन कॉम्प्युटरांचे ऑडिओ इंटरफेस (आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारी यंत्रं) डिजिटल जोडले, की त्या आकड्यांचा ठेका धरणारं आतलं घड्याळ एकाचंच चालवावं लागतं. दोन्ही आपापल्या घड्याळावर चालले, तर मधूनमधून टिक-टिक ऐकू येते. शक्य तिथे आम्ही ॲडॅट पद्धतीची ऑप्टिकल केबल टाकतो : ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेताना, ८ चॅनेल जातात, आणि आत प्रकाशच असल्यामुळे घरघर त्या वाटेनं येतच नाही.

जोडणीचा नकाशा काढायचे पैसे आम्ही वेगळे घेतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून परत जातात, पण पद्धत बदललेली नाही. नकाशा टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवतो, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव लावतो. उद्या आम्ही नसलो तरी वादकाला स्वतःची जोडणी वाचता आली पाहिजे.

काम सांगायचं असेल, तर फोनआधी प्रत्येक यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. सॉकेटं दिसली की आम्ही नकाशाला लागतो.