तीन किलो तांदूळ

रविवार, रात्रीचे साडेदहा

काल डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, रात्रीचा भात बंद, ज्वारीची भाकरी खा. मंगळवेढ्याच्या माणसाला भाकरी खा म्हणून सांगायची फी घेतली! आमच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. इथं पुण्यात ती सुबक पाकिटात मिळते. भाव बघून आजीनं पदर तोंडाला लावला असता.

घरी भात व्हायचा तो सणाला, पाहुणा आला तर, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. एरवी दोन्ही वेळेला मालदांडी ज्वारीची भाकरी. आई काटवटीत पीठ मळायची आणि आम्ही दोघं भाऊ चुलीपुढं टपून बसायचो. भाकरी टम्म फुगली की वरचा पापुद्रा कुणाचा, यावरून रोज भांडण. त्या पापुद्र्यावर शेंगाचटणी आणि तेलाची धार. आबा मात्र भाकरी बारीक कुस्करायचे, मधे आळं करायचे आणि त्यात आमटी ओतून घ्यायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. जेवताना बोलणारा माणूस उपाशी राहतो, असं त्यांचं मत.

शाळेत डबा नव्हताच, फडकं होतं. दोन भाकरी, मधे चटणी, एक कांदा. दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली सगळ्यांची फडकी सुटायची, कांदे बुक्कीनं फुटायचे. भाकरी सगळ्यांचीच, त्यामुळे कोरड्यास कुणी काय आणलंय याचीच काय ती उत्सुकता. चटणीचं तेल फडक्यातून माझ्या गणिताच्या वहीत उतरायचं. गुरुजी म्हणायचे, "तुझी वही आमटीत टाकली तर फोडणी द्यायला नको."

मग तांदूळ आला. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली होती. महिन्याला पोरामागं ३ किलो तांदूळ, अट एकच, हजेरी ८० टक्के. आबांच्या जुन्या धोतराची आईनं पिशवी शिवली. ती घेऊन व्हरांड्यात रांगेत उभं राहायचं. (पुढं २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या म्हणून आदेश दिला, शाळेत खिचडी आली, पण तोवर मी हायस्कुलात गेलो होतो.)

तांदूळ जाडा, खडे भरपूर. आजी सूप घेऊन दारात बसायची आणि बारक्या खड्यासाठी सरकारला मोठ्यानं शिव्या द्यायची. "भातानं कुठं पोट भरतंय व्हय?" असंही म्हणायची, पण एक दाणा सांडू द्यायची नाही.

आधी हजेरी गुरुजी मोजायचे, आता आई मोजायला लागली. पूर्वी ज्वारी हुरड्यात आली की आम्ही माळ्यावर गोफण घेऊन पाखरं राखायचो, शाळेचं नावही कुणी काढत नव्हतं. त्या वर्षी आईनं चारच दिवस दिले. ते संपले आणि नेमका मला ताप भरला. दोन दिवस घरी काढले. तिसऱ्या दिवशी तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मला चादरीत गुंडाळून आबांच्या सायकलवर बसवलं. "नुसतं हजर म्हण आन् ये माघारी."

गुरुजींनी माझ्या मानेला हात लावला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेच "हजर" म्हणाले, खूण केली आणि आबांना म्हणाले, "न्या याला घरी."

रात्री आईनं त्याच तांदळाचा भात टाकला. तिच्या हाताला भाताचा अंदाज नव्हता, गिचका झाला. पण गरम, वर मीठ आणि तुपाचा थेंब. मी चुलीशेजारी वाकळेत बसून खात होतो. धाकटा समोर भाकरी घेऊन माझ्या ताटलीकडं बघत होता. मग तो उठला आणि आईपुढं कपाळ नेलं.

"बघ की, मलाबी ताप आलाय."

आईनं कपाळाला हात लावून बघितलं. मग त्याच्याही भाकरीवर एक पळी भात घातला.